मागच्या चाकावरचा पत्रा

गुणाजीने चाकावरच्या पोकळीत छिन्नी खुपसून ओढली, तसा डांबरात बुडवलेल्या गोणपाटाचा लोळा त्याच्या छातीवर पडला. त्यात वर्षभराचा चिखल, कुजलेली पानं आणि मरून चपटी झालेली एक पाल. नाकात वास शिरला आणि त्याला ओकारी आली. तो कुशीवर वळून पचकन थुंकला.

"भाऊ, हे कुणी लावलं?" त्याने गाडीखालूनच विचारलं.

"लावलं भांडुपच्या एकाने. का?"

जयवंतभाऊ दोन पावलं मागे सरले. युनियनचे पुढारी. पांढरी पँट, पांढरा बुशशर्ट, अकरा वर्षांची फियाट.

"गोणपाट पाणी धरतं, भाऊ. आवाज बंद होतो, पण पत्रा आतनं सडतो. हे बघा, बोट घातलं की सरळ तुमच्या सीटला लागतंय. सगळं खरवडतो, पत्र्याचा तुकडा वेल्ड करतो, रेड ऑक्साइड मारतो, वर नुसतं डांबर. चार-पाच पावसाळे निघतील."

"गंजाचं नंतर बघू रे. खडी अशी वाजते की आत बसलेल्याला शब्द ऐकू येत नाही. आज परत गोणपाटच मार. पाचला गेटवर सभा आहे."

गुणाजीने छिन्नी परत चालवली. कंपनीला टाळं लागून सातवा महिना होता. तेव्हापासून तो नाहूरला आग्रा रोडच्या कडेला पत्र्याची कामं घेत होता. पण भाऊंची गाडी फुकट. गेट उघडलं तर हाच माणूस उघडणार.

कंपनीतलेच दोघं-तिघं आणि गुणाजीचा गाववाला शिवदास शेडजवळ फळीवर बसले होते. रोजच बसायचे. दुसरं करणार काय?

"भाऊ, सभेत काय सांगणार?" शिवदासने विचारलं.

"गोड बातमी."

शिवदास उठून उभाच राहिला. "खरंच?"

"जा, आधी सगळ्यांना चहा आणा. सगळेच जा."

ते गेल्यावर भाऊंनी मागचं दार उघडलं.

"भाऊ, गाडी ठोकळ्यांवर आहे."

"असू दे. एक पाहुणे येतायत. दुरुस्तीतल्या गाडीत कोण बघायला येतंय? तू ठोकत राहा."

पलीकडून तपकिरी, चकचकीत बूट आले. आत चढले, मागोमाग भाऊही. गाडी जराशी दबली. काचा वर गेल्या, पडदे ओढले गेले.

गुणाजी ठोकत राहिला. दोन ठोक्यांच्या मध्ये गंजक्या भोकातून आवाज खाली आला. कुणी कानाला तोंड लावून बोलावं तसा. हा आवाज त्याने ओळखला. चंद्रप्रकाश, कंपनीचा पर्सोनेल मॅनेजर. गेटवरच्या प्रत्येक नोटिशीखाली याची सही.

गुणाजीने हातोडी डाव्या हातात घेतली, जॅकच्या दांडीवर वाजवत ठेवली आणि कान भोकाला लावला.

"एक्केचाळीस माणसं कमी. सोमवारी गेट उघडतो. यादी बघून घ्या."

कागद उलगडल्याचा आवाज.

"हा रोझारिओ नको हो. पेंट शॉपवाले चिडतील."

"त्याची छाती गेलीय."

"हां, मग राहू दे. तसाही खोकूनच जाणार आहे." भाऊ हसले. "शिवदास... राहू दे. सभेत मी सांगतो, साडेचारशे घरांच्या चुली पेटवल्या. टाळ्या वाजवतील, बघाच तुम्ही. आणि आमच्या भाच्याच्या कँटीनचं?"

"ते पक्कं."

"गुणाजी तांबे. अहो, हा तर आपल्या खालीच आहे!"

दोघांच्या हसण्याने गाडी हलली.

"चांगला माणूस आहे," भाऊ म्हणाले. "फुकटात करतोय."

हातोडी थांबली.

"ठोक रे!" वरून आवाज आला.

गुणाजीच्या तोंडाला घाणेरडं पाणी सुटलं. त्या गोणपाटाचं नव्हतं, ते तो केव्हाच थुंकला होता. ह्याच माणसाला त्याने खांद्यावर घेऊन गेटसमोर नाचवलं होतं. त्याला स्वतःच्या खांद्याची किळस आली.

त्याने हातोडी खाली ठेवली. भोकात बोटं घातली आणि जोर लावला. पत्रा पापडासारखा मोडला. मनगट गेलं, मग कोपर. गंजाने कातडी सोलून काढली. सीट आणि दार यांच्या फटीतून डांबराने माखलेला एक हात वर आला आणि भाऊंच्या पांढऱ्या मांडीवर चाचपडायला लागला.

"आई गं!" भाऊ किंचाळले. मॅनेजरने बूट सीटवर घेतले.

हाताला कागद सापडला. मूठ मिटली. हात आला तसा खाली गेला.

गुणाजी सरपटत बाहेर आला तेव्हा शिवदास आणि बाकीचे चहाचे ग्लास सांभाळत परतले होते. हाताला रक्त कुठलं आणि डांबर कुठलं ते कळत नव्हतं. त्याने कागद शिवदासपुढे धरला.

"ह्यां काय?"

"वाच. मोठ्यान वाच. तुझाय नाव आसा त्यात."

शिवदासने ग्लास बॉनेटवर ठेवले. चौघांची डोकी कागदावर वाकली. गाडीतून कुणी उतरलं नाही. काचा बंद, पडदे बंद.

शिवदास एकेक नाव वाचत गेला. पाचव्या नावाला त्याचा आवाज चिरकला, मग चढत गेला. काचेतून तो आत पोचला नसता. चाकावरच्या भगदाडातून मात्र एकेक नाव स्पष्ट आत येत होतं.

भाऊ सीटवरून खाली सरकले, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळव्यांनी ते भगदाड दाबून धरलं.