बाई नसलेलं पुस्तक

"ऐतिहासिक द्या, पण त्यात प्रेम नको," विजयमाला वाचनालयाच्या खिडकीत म्हणाली. "आणि शिवकाळ नको, पेशवाई नको. ती सगळी वाचून झाली."

"मग उरलं काय? घोडे?" ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं.

"घोडे चालतील."

आता यांना कुठं सांगत बसायचं! सासऱ्यांची, सर्जेरावांची, नजर गेलेली. रोज दुपारी तीच त्यांना वाचून दाखवायची. पण सरदार मोहिमेवरून परतला, महालात शिरला, की हिची कानशिलं तापायची. असलं सासऱ्यांसमोर वाचायचं म्हणजे! ती खुशाल पानं गाळायची आणि ते म्हणायचे, "सूनबाई, गडी आत्ता तर घरी आला, लगीच कुठं निघाला?" वाचन थांबवावं, तर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहणार. सासूबाई गेल्यापासून तेवढ्या तासाभरासाठीच ते उठून बसायचे.

ग्रंथपालांनी मागच्या कपाटातून एक पुस्तक काढून फुंकर मारली. "सातवाहनांचा काळ. घाट आहे, बैल आहेत, जकात आहे. बाई औषधालासुद्धा नाही. म्हणून तर कोणी नेत नाही."

बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये दुपारी पंखा हळू फिरत होता. मिठाच्या गोण्या लादलेले बैल हाकत एक गडी धुक्यातून घाट चढू लागला. विजयमाला कुठंही न अडखळता वाचत होती. सर्जेरावांची मान वर झाली. कासरा धरल्यासारखी त्यांची मूठ मिटत, सैल होत राहिली. बाहेरच्या रिक्षा तिलाही ऐकू येईनाशा झाल्या. खोलीत धुकं भरलं होतं आणि त्यात घुंगरं तेवढी वाजत होती.

"आन त्याच्या घरी?" सर्जेरावांनी मधेच विचारलं.

"घरी काय, मामंजी?"

"वाट बघनारं कुनी न्हाई व्हय त्या गड्याला?"

तिनं पान उलटलं. जकात. पुढचं उलटलं. तिथंही जकात. तिला एकदम भडभडून आलं. पानावरची नजर न काढता ती म्हणाली, "घाटमाथ्यावरच्या गावात त्याची बायको दारात उभी होती. भाकरी निवत चालली होती."

"शिव्या देत आसंल."

"देत होती. पण जेवली नव्हती."

सर्जेरावांची मिटलेली मूठ उघडली.

"सूनबाई, हे पुस्तकात न्हाई न्हवं?"

"नाही, मामंजी."

"मग सावकास वाच."