रिबन निघाली तेव्हा

फुजैराच्या बंदरात नोकरी करणारा उपेंद्र मुलाची मॅच पाहायला पहिल्यांदाच दुबईला आला होता. कमरेला रिबन लावून खेळायच्या या अमेरिकन फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, ओजस क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. शेवटच्या मिनिटाला त्याने फेकलेला चेंडू मित्राने झेलला, पोरं नाचू लागली. उपेंद्रनेही टाळ्या पिटल्या. तेवढ्यात ओजस पंचांपाशी जाऊन काहीतरी बोलला, पंचांनी गुण काढून घेतले, टीम हरली. उपेंद्र चक्रावला. “चेंडू ज्याच्या हातात, त्याच्या कमरेची रिबन निघाली की खेळ थांबतो, बाबा,” ओजस म्हणाला. “मी फेकायच्या आधीच माझी समोरच्याच्या हातात होती.” “तुला कुणी विचारलं होतं?” “नोबडी.” टीममधलं कुणी ओजसशी बोलेना. रागवावं की पाठ थोपटावी, उपेंद्रला कळेना. “पुढच्या शुक्रवारच्या मॅचला बाहेर बसवलं तर?” “तरी जाणार.” “मग मीही येतो,” उपेंद्रच्या तोंडून निघून गेलं.