गरम भाकर

सेनगावचे शांतवनराव साळवे म्हणजे पक्के प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती आणि त्याहून पक्के कुटुंबवत्सल. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना सोयाबीनपासून सुरू व्हायची आणि एसटीच्या कंडक्टरपर्यंत जायची. आमेन होईस्तोवर घरात कुणी डोळे उघडायचे नाहीत, अशी सक्त ताकीद.

"आटपा की वं, भाकर निवून राहिली," असं मार्थाबाई अडतीस वर्षं म्हणत आल्या.

"देवाला घाई न्हाई, मार्था."

लग्न झाल्यापासून बाईंच्या तोंडात गरम घास म्हणून पडला नव्हता.

परवा दुपारी पानात कोंबडीचा रस्सा वाफाळत होता. मेहुणीच्या गुडघ्यांसाठी दयेची याचना करता करता शांतवनराव मध्येच थांबले. मार्थाबाईंनी हळूच एक डोळा उघडला आणि त्यांच्या नाकापाशी बोट धरलं. श्वास नव्हता.

"आई, बाबा गप काहून झाले?" लेकीनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"देवासंगं बोलून राहिले. कुणी डोळे उघडू नका."



मग गरम भाकर रश्श्यात कुस्करून, शेवटचा घास संपवून, पाचही बोटं चाटून मार्थाबाई "आमेन" म्हणाल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला.