पाटीवरचं गाव

घरातलं सामान ट्रकमध्ये चढत होतं. हमालाने शेवटी दुकानाची पाटी उचलली. ‘वृंदा ब्लाऊज, परभणी’. त्या परभणीच्या रंगाखाली चिपळूण होतं, त्याच्याही खाली सांगली. नवऱ्याची बँकेतली बदली झाली, की वृंदा दुकान मोडायची, पाटीवरचं गाव बदलायची आणि पहिल्या गिऱ्हाइकापासून पुन्हा सुरुवात करायची.

“पुन्हा तुझं बसलेलं बस्तान मोडलं,” नवरा ओशाळून म्हणाला.

“ती पाटी इकडे आणा हो,” वृंदाने हमालाला हाक मारली. कापायचं टेबल केव्हाच ट्रकमध्ये गेलं होतं. रिकाम्या खोलीत दोन खोक्यांवर तिने पाटी उलटी टाकली, तिच्यावर कापड पसरलं आणि समोर मोबाईल उभा केला. तीन वाजत आले होते.

“अगं, आज तरी क्लास राहू दे! ट्रक खोळंबलाय.”

“खोळंबू दे. बायकांनी फी भरलीय.”

स्क्रीनवर चेहरे उमटू लागले. सांगलीची शमीम, चिपळूणच्या रेगेवहिनी आणि त्यांच्या दोन नणंदा, परभणीतल्या तर सातजणी. ज्या ज्या गावातून वृंदा डोळे पुसत निघाली होती, ते प्रत्येक गाव आज तिच्यासमोर कात्री घेऊन बसलं होतं.

नवरा दारातच थबकला. मग हळूच बाहेर जाऊन त्याने ड्रायव्हरला चहाला पाठवलं.

तासाभराने त्याने स्वतःच पाटी उचलली. “नव्या गावाचं नाव या वेळी मी रंगवतो.”

“परभणीवर नुसता रंग फिरवा,” वृंदा म्हणाली. “त्या जागी आता कुठलंच गाव लिहू नका.”