बाकावरचे दोघे

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी नल्लकुंट्याच्या पद्मावतीबाई लाडवांचा डबा घेऊन एकट्याच अंध मुलांच्या शाळेत गेल्या. तिथली रीतच होती, पाहुणा आला की मुलं आधी त्याचे हात चाचपून बघायची आणि मग त्याला मातीत घडवायची. बाई बाकावर अंग चोरून बसल्या. आठ-नऊ वर्षांची रेणुका आली, त्यांच्या मांडीवरचे हात बोटांनी नीट बघून गेली आणि तासाभराने मातीचा बाक घेऊन परतली. त्यावर बसलेल्या माणसांच्या नाकाडोळ्यांचा पत्ता नव्हता, पण हातांचं बोट न् बोट, सैल अंगठीसकट, हुबेहूब उतरलं होतं.

"अगं, पण बाकावर माणसं दोन कशी?"

"एक तुम्ही. आणि एक ते, तुमच्या शेजारी बसलेत ना, तुमचा हात घट्ट धरून."

बाईंनी मांडीकडे पाहिलं. त्यांच्याच डाव्या हाताने उजवा हात अजून तसाच धरून ठेवला होता.

"चुकलं का आंटी? त्यांना काढून टाकू?"

"नक्को बेटा," बाई घाईघाईने म्हणाल्या, "बसू दे त्यांना."