शेकाची वेळ

गरम पाण्यातून पिळलेलं फडकं घड्याळकाकूंनी नवऱ्याच्या डोळ्यांवर ठेवलं, कडा नीट दाबल्या आणि म्हणाल्या, "हलू नका हं. मी जरा दूध बघून येते."

"सावकाश बघ," फडक्याखालून आवाज आला.

दूध कसलं नि काय! ते दुपारीच तापवून झाकून ठेवलेलं. काकू स्वयंपाकघरात गेल्या, मागच्या दाराची कडी आवाज न करता काढली आणि पायरीवर उभ्या असलेल्या लेकीला हाताला धरून आत ओढलं.

काका घराच्या पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना घड्याळकाका म्हणायची. साध्या गजराच्या घड्याळाला चावी देता येत नसूनही या आपोआप घड्याळकाकू झाल्या. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून, पापणी न लववता बसल्यामुळे काकांचे डोळे कोरडे पडले होते. वाळू गेल्यासारखे खुपायचे, लालभडक व्हायचे.

"पापणी मिटायची असते, काका," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. "फुकट असते हो ती!" मग त्यांनी डोळ्यांत घालायला थेंब दिले आणि रोज संध्याकाळी शेक घ्यायला सांगितला. वारा थेट तोंडावर घ्यायचा नाही, अशी ताकीद दिली. नेमानं केलंत तर कायमचा आराम पडेल, असंही म्हणाले.

लेक बापाच्याच हाताखाली तयार झालेली. तिचा हात इतका हलका, की काका चारचौघांत मिरवायचे. आणि तीच एक दिवस चौकातल्या मोठ्या दुकानात नोकरीला लागली. तिथे घड्याळ बंद पडलं की ते दुरुस्त करायच्या भानगडीत कोणी पडत नाही. आतलं यंत्रच काढून फेकतात आणि नवं बसवतात. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुन्हा माझ्यासमोर यायचं नाही!" ते गरजले. लेक तरी कुणाची? "नाही येणार जा!" म्हणाली आणि बॅग भरून मैत्रिणीकडे राहायला गेली.

तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. मग हा शेक सुरू झाला आणि काकूंना वाट सापडली. काकांचे डोळे झाकलेले असत तेवढ्यात मायलेकी भेटायच्या.

"किती वाळलीस गं!"

"आई, मी जाडी झालेय. जुना एक ड्रेस अंगात शिरत नाही."

"हळू बोल, मेले!" तोंडावर हात दाबून दोघी हसायच्या. मग लेक विचारायची, "बाबांचे डोळे?" आणि काकू मान खाली घालायच्या. "आहेत तसेच."

फडकं काढण्याआधी काका मोठ्यानं खाकरायचे. खाकरणं ऐकू आलं की लेक बाहेर, कडी बंद, आणि काकू पातेल्यात डाव फिरवत उभ्या. कधीकधी फडकं पार गार होऊन जायचं तरी खाकरणं यायचं नाही. दमून झोप लागली असेल बिचाऱ्यांना, असं काकूंना वाटायचं.

इथवर ठीक होतं. पण एक दिवस काका म्हणाले, "आज बरं वाटतंय गं. खुपत नाहीत." काकूंनी मनात हिशेब केला. डोळे बरे झाले म्हणजे शेक बंद. शेक बंद म्हणजे लेक बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका जरा आडवे झाले. काकूंनी टेबलफॅन हळूच त्यांच्या तोंडाकडे वळवला. वळवला आणि लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या डोळ्यांवर यांनी सगळं आयुष्य काढलं, त्यांचंच आपण वाटोळं करतोय! बायको आहोत की वैरीण? तरी तिसऱ्या दिवशी हात पुन्हा पंख्याकडे गेलाच. पुढे काका दुपारी डोक्यावरून चादर ओढून झोपायला लागले. वय झालं, वारा सोसवत नाही, म्हणाले. काकूंना तेही लागलं.

डॉक्टरांकडे काका एकटेच जायचे. परत आले की म्हणायचे, "शेक चालू ठेवायचाय." काकूंना हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं म्हणून जेवण गोड लागायचं नाही.

एका संध्याकाळी लेक नुकतीच आत आली होती. पुढच्या खोलीतून, फडक्याखालून, काका एकदम मोठ्यानं बोलले, "ऐकलंस का गं? मला एकट्याला आता हे झेपत नाही. कोणी हलक्या हाताचं माणूस मिळालं नाही, तर दुकान मोडावं म्हणतो."

लेकीचा चेहरा पडला. ती तशीच मागच्या दारानं निघून गेली. काकू ओट्याला धरून उभ्या राहिल्या. आपल्या हातानं आपण यांचं दुकान बुडवलं. आता बास.

सकाळी भाजीचं निमित्त करून त्या तडक दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांसमोर बसल्याबसल्या रडायला लागल्या. लेकीचं मागच्या दारानं येणं, शेक, पंखा, काही लपवलं नाही. "त्यांना काही बोलू नका हो. ते नेमानं सगळं करताहेत. त्यांचे डोळे मीच घालवले. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. पण काहीतरी करा, डॉक्टर."

डॉक्टरांनी काकांचा कागद काढून पुन्हा एकदा पाहिला.

"कुणाचे डोळे घालवले, काकू? काकांचे डोळे गेल्या हिवाळ्यातच ठणठणीत बरे झालेत. मी तेव्हाच सांगितलं होतं, शेक बंद करा म्हणून."

"मग? काय म्हणाले ते?"

"म्हणाले, 'घरी सांगू नका हं, डॉक्टर. शेक बंद झाला तर आमची पोरगी यायची बंद होईल.'"