थुंकी लावलेली गाठ

उत्तरेकडच्या तळ्यांवर मासेमारीला जायचं म्हणून नवरा आणि दीर महिनाभर जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसलेत. ताट मी मांडीवर घेते. टोप्या आल्या, बूट आले, अक्कल तेवढी यायची राहिली. “तू येऊन काय करणार? कंटाळशील,” म्हणे. माझे बाबा तिथेच होडी चालवायचे, हे दोघेही सोयीस्कर विसरले. आज दिरांनी व्हिडिओ बघून गळ दोऱ्याला बांधला. मी सहज ओढला, तर गाठ सुटून गळ हातात. “वहिनी, जोरात ओढलात तुम्ही!” “मासा काय हळू ओढणार, भावोजी?” मी बाबांसारखी गाठ घातली, थुंकी लावून आवळली. “शी!” नवरा म्हणाला. दोघांनी पकडीने ओढलं, गाठ हलेना. “अशा चाळीस बांधून दे, शुक्रवारी निघायचंय आम्हाला.” मी गळ पर्समध्ये ठेवला. “एकच बांधलाय, माझ्यापुरता. शुक्रवारी मी निघते. बसा व्हिडिओ बघत.”